छप्पर नसलेले संग्रहालय

लोणारच्या विवराचे जन्मरहस्य उलगडण्यासाठी दोन खंडांतील नैसर्गिक इतिहास संग्रहालयांनी शंभर वर्षे जपलेले ज्ञान कामी आले. आता हे विवर स्वतःच एक संग्रहालय म्हणून जपण्याची आणि त्यातील विज्ञान शाळकरी मुलांपर्यंत पोहोचविण्याची वेळ आली आहे. त्यासाठी निधी लागेल. पण केवळ निधीने भागणार नाही.

लोणार (जि. बुलडाणा) : गावाची घरे संपतात न संपतात तोच समोरची जमीन एकाएकी खाली उतरू लागते आणि दगडी कड्यांनी वेढलेले एक प्रचंड वाटोळे पात्र नजरेसमोर येते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर कड्यापासून तळापर्यंतची खोली सुमारे दीडशे मीटर. उतारांवर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी आणि काठाकाठाने जुनी मंदिरे. सहलीला आलेल्या मुलांना शिक्षक सांगतात, "येथे आकाशातून उल्का पडली." मग मुलांचे प्रश्न सुरू होतात. ती उल्का गेली कोठे? पाणी खारट कशाने झाले? आणि हा खड्डा ज्वालामुखीचा नाही, हे कोणी व कसे ओळखले?

या तीन प्रश्नांत भूशास्त्र, रसायनशास्त्र आणि विज्ञानाची कार्यपद्धती असे तीन धडे सामावलेले आहेत. ते जागेवरच शिकविता येतील अशी ठिकाणे जगात मोजकी आहेत आणि त्यांतील एक विदर्भात आहे. म्हणूनच लोणारकडे केवळ पर्यटनस्थळ म्हणून न पाहता नैसर्गिक इतिहासाचे एक उघडे संग्रहालय म्हणून पाहण्याची गरज आहे.

लवणासुर ते ज्वालामुखी

लोणारच्या नावामागे लवणासुराची कथा आहे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन या असुराचा वध केला आणि त्याचे भूमिगत निवासस्थान म्हणजेच हे सरोवर, असे परंपरा सांगते. गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेची आठवण जपते. 'ऐन-ई-अकबरी'तही या खाऱ्या पाण्याचा उल्लेख आहे. सरोवरातून निघणाऱ्या क्षारांचा एके काळी मोठा व्यापार चाले. प्रतवारीनुसार दल्ला, पापडी, भुस्की अशी त्यांची नावे होती आणि साबण व काच बनविण्यासाठी त्यांचा उपयोग होत असे.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ भूशास्त्रज्ञांनी हे विवर ज्वालामुखीचेच मानले आणि त्यांची समजूत अगदीच अनाठायी नव्हती. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हारसाच्या थरांनी बनले आहे. सर्वत्र काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. अशा प्रदेशातील गोल खड्डा ज्वालामुखीचाच असणार, असा तर्क साहजिक होता. अडचण एवढीच होती, की लोणारच्या परिसरात तितक्या अलीकडच्या काळातील ज्वालामुखीची दुसरी कोणतीही खूण सापडत नव्हती.

१८९६ मध्ये अमेरिकेतील भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील एका विवराची चर्चा करताना लोणारशी त्याचे साम्य असल्याचे दाखवून दिले. निष्कर्ष मात्र चुकला. ॲरिझोनाचे विवर भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाले, असे त्यांनी मानले. ते उल्काघातानेच झाले हे सिद्ध व्हायला १९६० साल उजाडावे लागले. ॲरिझोनाच्या विवराबद्दलचे मत बदलताच तज्ज्ञांचे लक्ष पुन्हा लोणारकडे वळले.

संग्रहालयातला दगड कामी आला

येथून पुढची कथा संग्रहालयांची आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी येथे एक अशनी कोसळला. त्याचे तुकडे जपून ठेवण्यात आले आणि अभ्यासासाठी युरोपातही पोहोचले. १८७२ मध्ये व्हिएन्नातील खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव चेर्माक यांना त्यात काचेसारखा एक वेगळाच पदार्थ आढळला. ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी मास्केलाइन यांच्या नावावरून त्याला 'मास्केलिनाइट' असे नाव देण्यात आले. अतितीव्र आघाताच्या दाबाखाली दगडातील फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडते आणि ते न वितळताच काचेसारखे होते, हा त्याचा अर्थ पुढे उमगला. ज्वालामुखीत उष्णता असते, पण एवढा क्षणिक आणि प्रचंड दाब नसतो. म्हणून पृथ्वीवरच्या एखाद्या खड्ड्यातील कातळात मास्केलिनाइट सापडले, तर तो खड्डा आघाताचा आहे, यास दुसऱ्या साक्षीदाराची गरज उरत नाही.

लोणारमध्ये नेमके हेच घडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था यांच्या तज्ज्ञांनी सरोवराच्या तळात खोल छिद्रे घेऊन दगडांचे नमुने बाहेर काढले. तळातील गाळाच्या जाड थराखाली चुरा झालेला बेसाल्ट होता आणि त्यात मास्केलिनाइट होते. स्मिथसोनियनचे कर्ट फ्रेड्रिकसन, भारतीय सर्वेक्षणाचे ए. दुबे व एम. एस. बालसुंदरम आणि अमेरिकन सर्वेक्षणाचे डी. जे. मिल्टन यांचा याविषयीचा शोधनिबंध १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या वर्षी व्ही. के. नायक यांनी लोणारला सापडलेल्या काचेसारख्या कणांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. उल्काघाताच्या बाजूने पारडे निर्णायकपणे झुकले ते या पुराव्यांमुळे.

या घटनाक्रमातील एक दुवा लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्मिथसोनियन संस्था उभी राहिली ती जेम्स स्मिथसन या ब्रिटिश वैज्ञानिकाने मृत्युपत्राद्वारे दिलेल्या देणगीतून. १८२९ मध्ये निधन पावलेल्या स्मिथसन यांनी अमेरिकेत कधी पाऊलही ठेवले नव्हते. त्या पैशातून १८४६ मध्ये संस्था स्थापन झाली, पुढे तिचे नैसर्गिक इतिहास संग्रहालय उभे राहिले आणि तेथील शास्त्रज्ञाने बुलडाणा जिल्ह्यातील एका विवराच्या जन्माचा उलगडा करण्यास हातभार लावला. संग्रहालयाला दिलेला पैसा कोणत्या देशात, किती वर्षांनी आणि कोणत्या रूपाने फळाला येईल, याचा हिशेब आधी मांडता येत नाही. १८६५ मधील शेरघाटीचा दगड कोणी जपला नसता, तर १९७३ मध्ये लोणारच्या दगडाचा अर्थ लावणे कितीतरी अवघड झाले असते. पुढे तर शेरघाटीचा तो अशनी मूळचा मंगळावरचा असल्याचेही निष्पन्न झाले.

पाठ्यपुस्तकापलीकडचे धडे

उल्का गेली कोठे, या प्रश्नाचे उत्तर मुलांना चकित करणारे आहे. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर अशा वेगाने आलेली वस्तू जमिनीवर आदळते, तेव्हा तिची गतिज ऊर्जा क्षणार्धात उष्णता आणि धक्क्याच्या लाटांत बदलते. त्यात ती वस्तू बहुतांशी वितळून किंवा वायुरूप होऊन नाहीशी होते. मागे राहतो तो खड्डा, चुरा झालेला कातळ, काचेचे मणी आणि सर्व दिशांना फेकला गेलेला राडारोडा. या राडारोड्याचा थर लोणारच्या कड्यापासून सुमारे १.३ किलोमीटर अंतरापर्यंत पसरलेला आहे.

पाण्याचे उत्तर त्याहून सोपे आहे. विवरात झरे आणि पावसाचे पाणी येते. पण बाहेर जाण्यास वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागेच राहतात. हजारो वर्षे हे चालू राहिल्याने पाणी खारे तर झालेच, शिवाय तीव्र अल्कधर्मीही झाले. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदविला गेला आहे. सामान्य मासे अशा पाण्यात तग धरू शकत नाहीत. पण स्पिरुलिनासारखे नीलहरित सूक्ष्मजीव त्यात मजेत वाढतात. पाण्याला हिरवा रंग येतो तो त्यांच्यामुळे.

विज्ञान आपल्या चुका कशा दुरुस्त करते, याचा धडाही येथे मिळतो. विवराचे वय दीर्घकाळ सुमारे ५२ हजार वर्षे सांगितले जात होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन समस्थानिकांवर आधारित अभ्यासाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरविले. म्हणजे एका फटक्यात विवर दहापटींहून अधिक म्हातारे झाले! 'जगातील तिसऱ्या क्रमांकाचे विवर' हा सर्रास होणारा उल्लेखही तपासून पाहावा असा आहे. दक्षिण आफ्रिकेतील व्रेडफोर्ट किंवा मेक्सिकोतील चिक्सुलूब यांच्यापुढे लोणार चिमुकले आहे. भारतातच मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ येथील आघातविवरे त्याहून मोठी आहेत. लोणारचे महत्त्व आकारात नाही. बेसाल्टच्या कातळात झालेले आणि इतक्या चांगल्या अवस्थेत टिकलेले असे विवर दुर्मिळ आहे. बेसाल्टमधील ब्राझीलची विवरे फार जुनी आणि झिजलेली आहेत. चंद्राची काळी मैदाने आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचाच असल्याने तेथील विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार ही पृथ्वीवरची प्रयोगशाळा वाटते, ती त्यामुळे.

कुलूप न लागणारे दालन

संग्रहालयातील वस्तू काचेच्या कपाटात असतात. लोणारच्या वस्तू पायवाटेवर पडलेल्या आहेत आणि धोका नेमका येथेच आहे. आठवण म्हणून उचललेला एक दगड क्षुल्लक वाटतो. पण आघाताने बनलेल्या काचेचे कण नव्याने तयार होणारे नाहीत. शिवाय दगड जागेवरून हलला की तो नेमका कोठे होता ही माहिती नष्ट होते आणि अभ्यासकाच्या दृष्टीने त्याची निम्मी किंमत त्या माहितीतच असते. भारतीय वन अधिनियमानुसार वनक्षेत्रातील दगड आणि खनिजे हीसुद्धा वनोपजच होत. त्यामुळे अभयारण्यातून ती नेणे हा कायद्याने गुन्हा आहे, याची अनेक पर्यटकांना कल्पना नसते.

कागदोपत्री लोणारला संरक्षण कमी नाही. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. २००० मध्ये ३.८३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे अभयारण्य घोषित झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये ते रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत दाखल झाले. नांदूर मधमेश्वरनंतर हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील दुसरे स्थळ. १६० प्रकारचे पक्षी, ४६ प्रकारचे सरपटणारे प्राणी आणि १२ प्रकारचे सस्तन प्राणी येथे नोंदले गेले आहेत. मंदिरांच्या जतनाची जबाबदारी पुरातत्त्व खात्याकडे, जंगलाची वन खात्याकडे, गावाच्या सांडपाण्याची नगर परिषदेकडे आणि भूशास्त्राची सर्वेक्षण विभागाकडे. चार मालक असलेल्या घरात दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न येथे वारंवार उभा राहतो. गावातील सांडपाणी विवरात उतरणे, वेड्या बाभळीची बेसुमार वाढ, परिसरातील बांधकामे अशा प्रश्नांवर २००९ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेद्वारे दाद मागावी लागली, यातच सारे आले.

त्यातही एक बाब सहसा चर्चेत येत नाही. अभयारण्याची हद्द प्रामुख्याने विवर आणि त्याचा कडा यांना वेढते. आघाताने बाहेर फेकल्या गेलेल्या राडारोड्याचा बराचसा थर मात्र या हद्दीबाहेर, शेतांत आणि खुद्द गावाखाली आहे. विहीर खणताना, पाया घेताना, रस्ता रुंद करताना तो रोज थोडाथोडा कमी होतो. शेतकऱ्याने शेती करू नये किंवा गावाने वाढू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण खोदकामात उघड्या पडलेल्या थराची नोंद घेण्याची, त्याचा नमुना जपण्याची सोय गावातच असेल, तर नुकसानीतूनही ज्ञान मिळू शकेल. स्थानिक संग्रहालयाचे हे पहिले काम ठरावे.

रंग बदलला तेव्हा

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि लोणार देशभर चर्चेत आले. तऱ्हेतऱ्हेच्या अफवा उठल्या. न्यायालयाने दखल घेतली, पाण्याचे नमुने घेण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत हा रंग 'हॅलोआर्किया' या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा असल्याचे दिसून आले. पाणी आटून खारटपणा वाढला की हे सूक्ष्मजीव फोफावतात. पुढे पावसाळ्यात पाणी वाढले आणि रंग ओसरला.

२०२५ मध्ये चित्र उलटे दिसले. पाण्याची पातळी वाढून काठावरील कमळजादेवीच्या मंदिराला पाण्याने वेढले. गोडे पाणी अधिक प्रमाणात मिसळले, तर क्षारांची तीव्रता घटते आणि या सरोवराचे वेगळेपण ज्या सूक्ष्मजीवांवर अवलंबून आहे, त्यांचे जगणे अवघड होते. म्हणजे पाणी आटले तरी बातमी आणि वाढले तरी बातमी. यातील नैसर्गिक चढउतार कोणता आणि माणसाने घडविलेला बदल कोणता, हे सांगायचे तर पातळी, खारटपणा, सामू आणि सूक्ष्मजीव यांच्या वर्षानुवर्षांच्या अखंड नोंदी हाताशी हव्यात. अशा नोंदी ठेवणे हे काम प्रसिद्धी मिळवून देणारे नसते. म्हणूनच त्याला आश्रयदाता मिळणे कठीण जाते. आणि म्हणूनच ते एखाद्या कायमस्वरूपी संस्थेकडे असावे लागते.

इतरांनी काय केले

जर्मनीतील न्योर्डलिंगेन हे गाव एका प्राचीन आघातविवरातच वसलेले आहे. तेथे १९९० मध्ये १५०३ सालच्या एका जुन्या कोठारात विवर संग्रहालय सुरू झाले. १९७० मध्ये अपोलो मोहिमेच्या अंतराळवीरांनी या परिसरात दगड ओळखण्याचे शिक्षण घेतले होते. त्या नात्याने 'नासा'ने या संग्रहालयाला चंद्रावरचा एक खडा प्रदर्शनासाठी दिला आहे. नवी टोलेजंग इमारत न बांधताही जागतिक दर्जाचे संग्रहालय उभे राहू शकते, हा त्यातील धडा. ॲरिझोनाचे विवर खासगी मालकीचे आहे. प्रेक्षकांच्या तिकिटांवर तेथील केंद्र चालते आणि मालक कुटुंबाच्या नावे असलेला निधी आघातविवरांवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना साहाय्य करतो.

उदाहरणांसाठी परदेशातच जावे असेही नाही. १८८३ मध्ये मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. त्या वेळी हा हौशी मंडळींचा गट होता. आज संस्थेकडे एक लाखाहून अधिक प्राणी-पक्ष्यांच्या नमुन्यांचा संग्रह आहे आणि गोरेगाव येथे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. सभासदांची वर्गणी हा तिच्या उभारणीतील एक महत्त्वाचा आधार राहिला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली. एका बँकेच्या अर्थसाहाय्यातून ही बस शाळांच्या दारात जाऊ लागली. मेहकर, सिंदखेडराजा, रिसोड या परिसरातील शाळांसाठी लोणारचे दगड, सूक्ष्मदर्शक आणि विवराची प्रतिकृती घेऊन जाणारी अशी एखादी गाडी ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे.

पैसा आणि माणसे

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लोणारच्या जतन, संवर्धन व विकासासाठी सुमारे ३७० कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली. रस्ते, वाहनतळ, निवासव्यवस्था ही कामे आवश्यकच आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्णपणे खुला झाल्याने मुंबई-नागपूरकडील पर्यटकांना लोणार आणखी जवळ आले आहे. मात्र इमारत एकदाच बांधावी लागते. अभ्यासक, मार्गदर्शक आणि नोंदी ठेवणारे कर्मचारी यांचा खर्च दरवर्षी येतो. इमारतीसाठी निधी मिळतो, माणसांसाठी मिळत नाही, हे आपल्याकडील अनेक लहान संग्रहालयांचे दुखणे आहे.

यावर एक मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिक्षण, पर्यावरण आणि वारसा जतन ही तिन्ही कामे या कायद्याच्या यादीत आहेत. लोणारचा शैक्षणिक उपक्रम तर तिन्हींत बसतो. प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा नोंदी व शिक्षणासाठी राखून ठेवणे हा दुसरा मार्ग. तिसरा मार्ग गावातून जातो. विवरात पूर्वी शेती होत असे, क्षार काढले जात. संरक्षणाबरोबर ही कामे थांबली. ज्यांचा जुना आधार गेला त्यांच्या मुलांना प्रशिक्षित मार्गदर्शक म्हणून उभे केले, तर विवर जपण्यात गावाचे हित राहील. जेथे गावाचे हित असते, तेथे पहारेकऱ्याची गरज कमी भासते.

नवरात्रात कमळजादेवीच्या यात्रेला येणारा भाविक, रविवारी येणारा पर्यटक आणि सहलीला आलेला विद्यार्थी हे तिघेही याच पायवाटेने खाली उतरतात. तिघांच्याही पायाखाली तेच दगड असतात. त्या दगडांत काय दडले आहे हे ज्याला कळेल, तो दगड खिशात घालण्यापूर्वी दोनदा विचार करील. संवर्धन आणि विज्ञान शिक्षण ही दोन वेगळी खाती नाहीत, हे लोणारइतके स्पष्टपणे क्वचितच दिसत असेल.

वाचकांना काय करता येईल?

* विवरातील दगड, काचमणी वा क्षार उचलू नयेत. कोणी विकत देऊ केल्यास घेऊ नयेत.
* खाली उतरताना स्थानिक मार्गदर्शकाला सोबत घ्यावे आणि त्याचा मोबदला मोकळ्या मनाने द्यावा.
* प्लास्टिक, साबण आणि उरलेले अन्न विवरात नेऊ नये. पाण्याचे रसायन हाच येथील ठेवा आहे.
* शाळेची सहल आखताना निम्मा दिवस तरी केवळ विवरासाठी राखावा आणि जाण्याआधी वर्गात एक तास त्याची माहिती द्यावी.
* नैसर्गिक इतिहासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे सभासद व्हावे. नियमित येणारी लहान वर्गणी ही एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा अनेकदा अधिक उपयोगी पडते.
* पक्षी, पाण्याची पातळी वा रंग यांची छायाचित्रे काढल्यास त्यांवर तारीख नोंदवावी. उद्याच्या अभ्यासकाला तोही पुरावाच असतो.